लानताईचं बोट

माँगकॉकच्या मासेगल्लीत, म्हणजे शोभेचे जिवंत मासे विकतात त्या गल्लीत, कुणी "लानताई!" म्हणून बोंब ठोकली की समजायचं, कुणाला तरी माशाने मारलंय. एरवी आऊ युक-लान या बाईला हाक मारायला कुणाला सवड आहे? क्वोकशेठच्या दुकानात मागच्या बाजूला खाऱ्या पाण्याच्या टाक्यांमधे ती दिवसभर वाकलेली असायची. केस काळे होते तेव्हा आली, आता पांढरे झाले, तरी वाकलेलीच. गिऱ्हाईक यायचं, मासे बघायचं, दर ऐकून तोंड वाकडं करायचं आणि जायचं. लानताईकडे कुणाचं लक्षही जायचं नाही. पण काटा बसला की तीच बाई देवीसारखी आठवायची.

मनगट दुसऱ्या हाताने आवळून माणूस आत शिरायचा. सिंहमाशाचा काटा म्हणजे काय चेष्टा नाही. टाकीत बघाल तर काय रूप! पट्ट्यापट्ट्यांचं अंग, पिसाऱ्यासारखे पर. आणि त्या पिसाऱ्यात सुया. एक टोचली की खांद्यापर्यंत कळ जाते आणि चांगला बाप्या माणूस आईच्या नावाने टाहो फोडतो.

"बस," लानताई म्हणायची. "ओरडायचं तेवढं ओरड, पण उठायचं नाही."

मग चिमट्याने काट्याचा तुकडा राहिलाय का बघायचा. लाल प्लास्टिकच्या टबात थर्मासचं पाणी ओतायचं, नळाचं थोडं मिसळायचं, आणि आपल्या उजव्या हाताचं पहिलं बोट त्यात बुडवायचं. मनात काहीतरी मोजल्यासारखी जरा वेळ थांबायची. "हं, घाल हात." झालं! चटका बसायच्या अलीकडे, कोमटाच्या पलीकडे, असं नेमकं पाणी असायचं. हे विष उष्णतेला घाबरतं. चांगल्या गरम पाण्यात हात धरला की ठणका हळूहळू उतरतो. पाणी निवलं की परत थर्मास, परत बोट. तास-दीड तास लानताई समोर बसून राहायची. दुखणं उतरलं की हात पुसून द्यायची आणि दटावायची, "आता इस्पितळात जा. मी डॉक्टर नाही. इंजेक्शन घे, सूज दाखव. उद्या बोट काळंनिळं झालं तर माझ्या नावाने रडत यायचं नाही."

टाक्यांना थर्मामीटर लावलेले असतात ना, मग एक टबात का टाकत नाही, असं कुणी नवखा विचारायचा. पण माशांचे थर्मामीटर माशांपुरतेच, त्यांचे आकडे आंघोळीच्या पाण्याआधीच संपतात. शिवाय लानताईचं बोट असताना थर्मामीटर कशाला? गल्लीत म्हणच पडली होती. समोरचा पाणवनस्पती विकणारा चोय, जिभेला हाड नसलेला माणूस, बायकोने केलेलं सूप जास्त गरम असलं तरी म्हणायचा, "जरा लानताईचं बोट घालून आण गं."

लानताईला मात्र या सगळ्याचा कंटाळा आला होता. खरंच आला होता, उगाच म्हणायचं म्हणून नाही. एकाचं निवतंय तोवर दुसरा. जेवणाचा डबा उघडला की बोंब. संध्याकाळी पाय सुजायचे, कंबर बोलायची. आणि तिची स्वतःची बोटं? एकेका बोटाला एकेका माशाने कधी ना कधी मारलं होतं. तिच्यासाठी पाणी कोण बघणार? आपलं आपणच ओतून ती कोपऱ्यात बसायची, आणि बसल्या बसल्या एका हाताने माशांना खाणंही टाकायची.

मागच्या वर्षी थोरल्या बहिणीबरोबर ती चहाघरात गेली होती. जेवायच्या आधी पहिल्या उकळत्या चहाने वाट्या आणि खायच्या काड्या विसळायच्या, ही आमच्याकडे सगळ्यांचीच सवय. लानताई वाटी फिरवत होती आणि बहीण फोंग एकदम किंचाळली. "अगं अगं, बोटांवरून चाललाय चहा! भाजलं ना!"

"कुठे?" लानताईने विचारलं. आणि मग बघितलं. बोटं लालभडक झाली होती, आणि तिला पत्ताच नव्हता.

घरी जाऊन तिने बर्फ धरून बघितला, गरम झाकण धरून बघितलं. उजव्या हाताला काही नाही. डाव्याला असल्यासारखं, नसल्यासारखं. मनगटाच्या वर मात्र सगळं ठीक. डॉक्टरने तपासून सांगितलं, इतक्या वर्षांचे काटे आणि इतक्या वर्षांचं पाणी, शिरा दमल्या आहेत. आता हात पाण्याबाहेर ठेवायचे.

"मग मासे काय हवेत धरू?" असं म्हणून ती घरी आली, आणि कुणाजवळ बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

न बोलण्याचं कारण होतं. तिच्याआधी दुकानात लोक नावाचा म्हातारा होता. त्याचे हात थरथरायला लागले, त्या वर्षी नवीन वर्षाच्या जेवणात क्वोकशेठने शिजवलेल्या कोंबडीचं मुंडकं बरोब्बर त्याच्याकडे तोंड करून ठेवलं. आमच्याकडे तोंडाने कुणी काढून टाकत नाही, कोंबडी सांगते. लोकने काड्या खाली ठेवल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेला. क्वोकशेठ वाईट माणूस नव्हता, पण भित्रा होता. विषारी माशांच्या दुकानात बधिर बोटांची बाई त्याने एक दिवस ठेवली नसती.

आणि दुकान सुटलं तर लानताई कुठे जाणार होती? नवरा जाऊन जमाना झाला, बहीण आपल्या संसारात. लेक कॅनडात, रविवारी फोनवर येते आणि "आई, दम खा आता" म्हणते. दम खायला घर आहे ना, पलंगाएवढं! तिथे बसून काय भिंतीशी बोलायचं? या कामाने तिचा जीव मेटाकुटीला आला होता हे खरं, आणि हे काम गेलं तर तिला हाक मारणारं माणूस उरणार नव्हतं, हेही तेवढंच खरं.

मग तिने युक्ती काढली. बोट पूर्वीसारखंच बुडवायचं, तसंच जरा थांबायचं, आणि नजर माणसाच्या तोंडावर ठेवायची. आधी त्याचा चांगला हात पाण्यात घालायला लावायचा, मग दुखरा. चटका बसला की तो ओरडायचाच. "आई गं, मारतेस की काय!" ओरडला की गार पाणी. मासेगल्लीतली माणसं अशी तोंडाळ की अंदाज चुकायची सोयच नव्हती. वर्षभर हे चाललं आणि कुणाला शंका आली नाही. चोय तर म्हणाला, "लानताई, हल्ली फार मायेने विचारतेस गं, गरम लागतंय का म्हणून. म्हातारी झालीस."

"तू तरुण आहेस ना, मग जा, झाडं विक," ती म्हणाली.

उन्हाळ्यात कुन याम या करुणेच्या देवीचा दिवस आला. त्या दिवशी थोरल्या क्वोकबाई, म्हणजे शेठची आई, दुकानात आल्या. सगळी गल्ली त्यांना आजी म्हणायची. ऐंशीच्या पुढे वय, अंगाने पाप्याचं पितर, पण हुकूम सेनापतीचा. देवीच्या दिवशी त्यांचं कडक असायचं. मांस नाही, मासळी नाही. रागवायचं नाही, तक्रार करायची नाही, दुखलं-खुपलं तरी हूं की चूं करायचं नाही. आणि एक जीव समुद्रात मोकळा सोडायचा. मोकळ्या केलेल्या जिवाबद्दल मनात जरा जरी वाकडं आलं तर पुण्य पाण्यात!

"हा," म्हणून आजींनी सगळ्यात मोठ्या सिंहमाशाच्या टाकीवर बोट ठेवलं.

क्वोकशेठ घाईने पुढे आला. "आई, अगं दुसरा घे ना! हा ठरलाय एका गिऱ्हाइकाचा. तो बघ, पिवळा किती गोड आहे."

"देवीपेक्षा मोठं गिऱ्हाईक कोण रे तुझं?"

"तसं नाही..."

"मी रागावले नाहीये हं," आजी गोड हसून म्हणाल्या. "आज मी रागावत नाही. नुसतं विचारते."

शेठने हात जोडले आणि लानताईला खूण केली. लानताई झाकणाची बादली घेऊन आली. अशा काटेरी माशाला बादलीच बरी. पण आजींनी मान हलवली. "बादलीतून काय नेतेस? कचरा आहे का तो? पिशवीत दे. सोडायच्या आधी मला त्याचं तोंड बघायचंय."

लानताईने एकात एक अशा जाड पिशव्या घेतल्या, मासा जाळीने उतरवला, हवा भरली, रबर गुंडाळलं. मग वर्षानुवर्षांच्या सवयीने पिशवीवरून सगळीकडून बोटं फिरवली. काटेवाल्या माशाची पिशवी अशी बोटांनी बघायचीच, डोळ्याला दिसत नाही. काट्याचं टोक आतून वर आलं असलं, ओल झिरपत असली, तर ते बोटाला कळतं. हे सगळ्या गल्लीला तिनेच शिकवलं होतं. तिने खालून बघितलं, बाजूने बघितलं. कुठे काही लागलं नाही. "घ्या आजी," म्हणून तिने पिशवी टेबलावर ठेवली.

आता तुम्हाला कळलं असेल. तिला नाही कळलं. बघायच्या ठिकाणी बोटं गेली म्हणजे बघून झालं, इतकी ती सवय हाडात मुरलेली होती. त्या बोटांना आता काही कळत नाही हे ती पाण्याच्या बाबतीत वर्षभर लक्षात ठेवत होती, पिशवीच्या बाबतीत तिला ते आठवलंच नाही.

आजींनी डोळे मिटले आणि आशीर्वाद द्यायला तळहात पिशवीवर ठेवला. ओठांतून देवीचं नाव चाललं होतं. मधेच त्यांचा खांदा उडाला. चेहरा भाताच्या पेजेसारखा पांढरा झाला. पण नामस्मरण थांबलं नाही. फक्त आवाज बारीक झाला. पिशवीतून सुतासारखी पाण्याची धार टेबलावर पडायला लागली होती. लानताईने ती धार बघितली.

दारात उभ्या चोयने सवयीने बोंब ठोकली, "लानताई!" ती हाताच्या अंतरावर होती तरी.

"बादली!" ती ओरडली. शेठने पिशवीसकट मासा बादलीत टाकला. लानताईने आजींना खुर्चीवर बसवलं, बोटातली अंगठी उतरवली, काट्याचा तुकडा नाहीये ना ते बघितलं, शेठला रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं. एवढं सगळं हातांनी आपोआप केलं. मग टब, थर्मास, नळाचं पाणी. तिने बोट बुडवलं आणि जरा वेळ थांबली, नेहमीसारखी.

"आजी, आधी हा चांगला हात घाला बरं."

आजींनी घातला.

"गरम लागतंय का?"

"छान आहे गं."

"जास्त नाही ना? खरं सांगा हं."

"सगळं छान आहे," आजी म्हणाल्या. ओठ थरथरत होते, पण तोंडावर हसू तसंच. "आज मला तक्रार करायची नाही, बाई."

"आई, लान बघतेय ना, मग ठीकच असणार," शेठ फोनवरून तोंड बाजूला करून म्हणाला. "घाल दुसरा हात."

आजींचा दुखरा हात पाण्यात गेला. लानताई समोर बसली आणि तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. वर्षभर तिने तोंडं वाचली होती. कळ कशी दिसते, चटका कसा दिसतो, सगळं तिला पाठ होतं. पण हे तोंड म्हणजे बंद दार! कपाळावर घाम आला होता. तो विषाचा की पाण्याचा? डोळ्यांच्या कडेला पाणी होतं. ते कशाचं? "देवी, देवी" एवढंच येत होतं ओठांतून.

ओरडा ना, आजी. लानताई मनात म्हणत होती. शिव्या द्या मला, थोबाडीत मारा, पण एकदा ओरडा.

टबावर वाफ होती. वाफ नेहमीच असते. पण पाण्याच्या रेघेपाशी आजींच्या मनगटावर, त्या कागदासारख्या कातडीवर, एक लाल कडं उमटायला लागलं होतं. लानताईने आपलं बोट परत बुडवलं. काही नाही. ती तिथल्या तिथे कोपर बुडवू शकली असती, तान्ह्या पोराच्या आंघोळीला बुडवतात तसं. पण सगळी गल्ली दारात जमली होती, आणि कोपर बुडवलं की झालं, मूठ उघडली. हा एवढा विचार तिने केला. तेवढ्या वेळात कडं आणखी लाल झालं, आणि मग तिची तिलाच शरम वाटली.

"शेठ," ती म्हणाली, "पाण्यात हात घाला."

"मी?"

"घाला लवकर! मला कळत नाही. माझ्या बोटांना काही कळत नाही हो!"

शेठने दोन बोटं घातली आणि झटकन काढली. "आयाया! अगं हे केवढं गरम आहे!" त्याने आईचा हात ओढून बाहेर काढला. मनगटापर्यंत हात लालबुंद झाला होता. टाक्यांचे पंप तेवढे बुडबुडत होते.

"आगीतून फुफाट्यात," कुणीतरी मागे पुटपुटलं.

चोय मात्र पुढे आला. त्याने टब अर्धा ओतला, नळ सोडला, हात घालून बघितला, परत थोडं गरम ओतलं. चेष्टेखोर माणूस, पण तेव्हा चेष्टेचं अक्षर काढलं नाही. "एवढं बरं आहे का, लानताई?" त्याने विचारलं. "मला हे सोसतंय. अगदी आरामात नाही, पण सोसतंय."

"तेवढंच," ती म्हणाली. "त्याच्यावर नाही."

शेठ तिच्याकडे बघत होता. "कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि पिशवी? पिशवी तू बोटांनीच बघितलीस ना?"

तिला नाही म्हणता आलं असतं. पिशवी फाटते, मासा उसळतो, गल्लीत रोज होतं. कुणी विचारलं नसतं.

"हो," लानताई म्हणाली. "पिशवीही मीच बघितली. मला काही लागलं नाही, म्हणून दिली."

इस्पितळात आजींना लगेच आत घेतलं. विष फार चढलं नव्हतं, पण वय बघता रात्रभर ठेवणार होते. भाजल्याला मलम लावून हात कोपरापर्यंत बांधला. दोन ठिकाणी फोड आले होते. लानताई दाराशी उभी राहिली. आत जावं असं तिला वाटत नव्हतं आणि घरी जायला पाय उचलत नव्हते.

क्वोकशेठ बाहेर आला. त्याने चष्मा पुसला, घातला, परत पुसला. "उद्या येऊ नकोस," तो म्हणाला.

"बरं."

"परवाही नको." मग त्याचाच आवाज फुटला. "मला सांगायचं नाहीस का गं? इतक्या वर्षांत मी तुला कधी वाकडं बोललोय? मी तुला कॅशवर बसवली असती. आता माझ्या आईचा हात भाजल्यावर कुठल्या तोंडाने बसवू?" आणि तो औषधं आणायला तरातरा निघून गेला. लानताईला रडू आलं नाही. इतकी दमली होती ती, की रडायलाही बळ लागतं असं तिला वाटलं.

"कोण आहे तिकडे?" आतून आवाज आला. "लान का? आत ये. दारात भूत उभं राहिल्यासारखी काय उभी राहतेस!"

ती आत जाऊन खुर्चीवर बसली. "आजी, मी तुमचा हात..."

"गप. आज मला काही सांगू नकोस. आज मला राग करायचा नाही." आजींनी डोळे मिटून दम घेतला. "उद्या सकाळी ये. उद्या मी तुझ्यावर अशी रागावणार आहे की सगळा वॉर्ड ऐकेल. लबाड कुठली! म्हाताऱ्या बाईला उकडायला निघाली होतीस."

"उद्या येते," लानताई म्हणाली. "पाहिजे तेवढं बोला."

"बोलणारच आहे. आज नाही." त्यांनी बांधलेला हात छातीशी घेतला. "आता फार ठणकतंय गं. हे तक्रार म्हणून नाही, आपलं माहिती म्हणून सांगते. जरा हात दे."

त्यांनी चांगला हात पुढे केला आणि लानताईची बोटं धरली. लानताईने खाली बघितलं. म्हातारीची हाडकुळी बोटं तिच्या बोटांत गुंतली होती, गच्च, शिरा वर आल्या होत्या. ते तिला दिसत होतं, आणि तेवढंच. किती वर्षांनी कुणी तिचा हात धरला होता, तोही असा.

"मी धरलाय," आजी म्हणाल्या. "कळतंय का तुला?"

वर्षभराच्या सवयीने तिच्या तोंडात 'हो' आलं होतं.

"नाही," लानताई म्हणाली.

आजींनी डोळे उघडले. हात सोडला, तिचं मनगट पकडलं. तिच्याकडे बघितलं. मग आणखी वर सरकल्या, कोपराच्या जरा खाली, आणि तिथे बोटं रुतवून घट्ट धरलं.

"इथे?"

लानताईने मान पलंगाच्या कडेला टेकवली. आता मात्र तिला रडू आवरेना.

"इथे कळतंय," ती म्हणाली.